बेलफळ आणि बेलाचं झाड: या चुका टाळा

उन्हाळ्यात कुणाचं पोट बिघडलं की पुण्यात सल्ला ठरलेला: "बेलफळ द्या, पोट बांधतं." कच्चं की पिकलं, हे कुणी विचारत नाही. जुलाबावर चालतं ते कच्चं किंवा अर्धकच्चं फळ. त्यातलं टॅनिन आतड्याला आवळतं. पिकलेला गोड गर उलट पोट साफ करतो. बाकी फळं पिकल्यावर गुणाची, बेल मात्र कच्चा असतानाच, हे आयुर्वेदाने कधीच सांगून ठेवलंय.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी जुलाब लागलेल्या नातवाला पिकल्या बेलाचं सरबत पाजलं, वर भरपूर साखर. पोरगं आणखी गळालं, तर काकूंनी दुसरा पेला भरला! "गुण यायला वेळ लागतो." शेवटी मी भांडून पेला काढून घेतला. डॉक्टरांनी आधी ओआरएस सुरू केलं. ते हाताशी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. लहान मूल, ताप किंवा शौचातून रक्त असेल तर घरगुती वैदूपणा नकोच.

माझ्याकडे कच्च्या बेलाच्या वाळवलेल्या चकत्या बरणीत असतात. किरकोळ तक्रारीला त्यांचं चूर्ण, सुंठ आणि ताक. एवढंच, आणि तेही मोठ्या माणसांना.

सरबतासाठी गर मिक्सरमध्ये फिरवू नका. बिया चिरडल्या की कडू होतं. पाण्यात भिजवून हाताने कोळा, गाळा. पाच मिनिटं वाचवून काय करणार आहात?

बेल समजून कवठ आणू नका. खरखरीत, पांढुरक्या कवचाचं ते कवठ. मंडईत नीट बघून घ्या.

बेलाची पानं चावतो म्हणून मधुमेहाची गोळी बंद करू नका.

दशमुळात, म्हणजे दहा मुळांच्या आयुर्वेदिक औषधात, बेलाचं मूळ असतं म्हणून दारातलं झाड उकरणारेही भेटलेत. दशमूळ तयार मिळतं हो!

आणि झाडाचं. चैत्राच्या आसपास बेल पानं गाळतो, फांद्यांवर नुसती फळं लटकतात. नवखे घाबरतात आणि रोज बादलीभर पाणी ओततात. हडपसरकडच्या काळ्या मातीत ते पाणी साचतं आणि मुळं कुजतात. तहानेने मेलेला बेल मी पाहिलेला नाही, लाडाने मेलेले पुष्कळ. फांदीवर नखाने ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं तर गप्प बसा. नवी पालवी येते, तिच्या मागोमाग फुलं, आणि ती फळं पिकायला पुढचा उन्हाळा उजाडतो.

बी लावलं असेल तर पहिल्या फळाला सात-आठ वर्षं लागतात, कलमाला निम्मी. तिसऱ्याच वर्षी "फळ का नाही" म्हणून कोयता शोधणाऱ्यांनी सरळ पपई लावावी.