पूर ओसरल्यावर टाकीतले आणि पिण्याचे पाणी विषाणूंपासून निर्धोक कसे करावे

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याच्या २५ फुटांच्या खुणेच्या कितीतरी वर चढली आणि बडोद्यात वस्त्यांमध्ये मगरी आल्या. ते चार दिवस प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच विषय होता. आमच्या सोसायटीत पाणी शिरले, मगर काही आली नाही. मुलांना त्याचे फार वाईट वाटले. आले ते जमिनीखालच्या टाकीत, झाकणाच्या फटीतून, गटाराचे पाणी. त्याचा फोटो मात्र कोणी काढला नाही.

ती टाकी पुन्हा वापरण्याजोगी कशी करायची, ते सांगतो. त्याआधी भ्यायचे कशाला, हे नक्की करू.

गटाराच्या पाण्यात जुलाबाचे जिवाणू असतात हे सगळ्यांना ठाऊक असते. विषाणू त्यांच्याहून चिवट. रोटा, हिपॅटायटिस ए आणि ई, आणि ॲडेनो. ॲडेनो पहिल्यांदा १९५३ मध्ये लहान मुलांच्या नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथींत सापडला, त्यावरून हे नाव. सर्दी-खोकला, डोळे येणे ही त्याची नेहमीची कामे. पण ४० आणि ४१ क्रमांकाचे प्रकार लहान मुलांना जुलाब लावतात आणि विष्ठेतून ढिगाने पाण्यात उतरतात. या चौघांवरही चरबीचे वेष्टण नसते, म्हणून हातावरचे सॅनिटायझर त्यांच्यावर भरवशाचे नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे.

मग मगरींचे, वटवाघळांचे, भटक्या कुत्र्यांचे विषाणू? तेही पाण्यात येतातच. मगरी, साप, पक्षी, कुत्री, माकडे, सगळ्यांना आपापले ॲडेनो आहेत. पण हा विषाणू यजमानाच्या बाबतीत मोठा सोवळा. कुत्र्याचा ॲडेनो कुत्रे, कोल्हे, अस्वले यांच्यात फिरतो. आपल्या पंगतीला सहसा बसत नाही. (आपण कोव्हिशिल्ड टोचून घेतली, तिच्यात चिंपांझीचा ॲडेनोच वाहक म्हणून होता, वाढू शकणार नाही असा करून.) या सोवळेपणाचा शास्त्रज्ञांना उपयोग होतो. पाण्यात माणसाचा ॲडेनो सापडला, की तिथे माणसाचे मैलापाणी मिसळले आहे हे कळते. तेव्हा टाकीची धास्ती घ्यायची ती मगरीमुळे नव्हे, आपल्याच गल्लीच्या संडासांमुळे. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो खरा धोका आहे, पण तो जिवाणू. त्यासाठी पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात उतरू नये, एवढे लक्षात ठेवा.

आता कामाला लागू. पहिले काम मोटरचे. तिचा मेन स्विच बंद केल्याशिवाय टाकीचे झाकण उचलायचे नाही, आणि टाकी धुऊन होईपर्यंत ते पाणी वर चढवायचे नाही. एकदा चढवले, की गच्चीवरची टाकी आणि सगळे नळ धुण्याचे काम वाढते. आमच्याकडे नेमके हेच झाले. पाणी ‘दिसायला तर स्वच्छ’ होते ना!

मग पाणी उपसा. तळाशी गाळ राहतो, बोटाला रेशमासारखा लागणारा आणि वासाने ओळखू येणारा. तो बादलीने काढाच, कारण क्लोरीन आधी गाळावर खर्ची पडतो आणि विषाणूंच्या वाट्याला काही उरत नाही. टाकीत उतरू नका. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, वर ब्लीचिंगचा वास. अशाने माणसे दगावतात. लांब दांड्याच्या ब्रशने वरूनच घासा. टाकी खोलच असेल तर साधने आणि माणसे असलेल्या टाकी धुणाऱ्यांना बोलवा.

घासायला १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा. भिंती ओल्या करून अर्धा तास तशाच ठेवा, मग धुऊन ते पाणीही उपसून टाका. संडास साफ करायचे ॲसिड यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि पावडर नवीन आणा. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. उघडी राहिलेली पिशवी महिन्याभरात नुसता चुना होते. नाकाला झोंबत नसेल तर ती रांगोळीच्या डब्यात शोभेल.

आता नवे पाणी भरा आणि हिशेब करा. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजून गुणाकार करा, त्याला २८ ने गुणा; आले लिटर. सहा बाय पाच बाय पाचची टाकी म्हणजे सुमारे ४,२०० लिटर. एरवी १,००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर पुरते. पुरानंतर काही दिवस मी दुप्पट धरतो, म्हणजे या टाकीला २१ ग्रॅम. ‘चिमूटभर’ आणि ‘मूठभर’ यांच्यावर विसंबू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कागद ठेवून तोला.

पावडर थेट टाकीत टाकायची नाही. आधी थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग बादलीभर पाण्यात ढवळा आणि दहा मिनिटे ठेवा. खाली चुन्याचा पांढरा थर बसतो, वर नितळ पाणी राहते. ते वरचेच टाकीत ओता, बांबूने ढवळा आणि अर्धा तास थांबा. ही अर्ध्या तासाची वाट फार महत्त्वाची. क्लोरीन घातला आणि लगेच नळ सोडला, तर औषध पोटात जायच्या आधीच रोगी घरी गेल्यासारखे. अर्ध्या तासाने केमिस्टकडे किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या क्लोरीन तपासणीच्या संचाने पाणी तपासा. लिटरला निदान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. रंग आलाच नाही, तर डोस पुन्हा द्या आणि पुन्हा अर्धा तास. शेवटी घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा.

इथे शेजारच्या काकूंचा प्रश्न येतो: “आमच्याकडे यूव्हीचं मशिन आहे, निळा दिवा लागतो, मग हे सगळं कशाला?” यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, वाईट नाही. पण सगळ्या विषाणूंत ॲडेनो हाच या किरणांना सर्वांत कमी दाद देतो. बरीच यंत्रे ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर एवढ्या मात्रेच्या हिशेबाने बनवतात. दहा हजारांतला एकच ॲडेनो उरावा, तर अमेरिकेच्या पाणी-नियमांप्रमाणे १८६ लागतात. किरणांनी त्याचा डीएनए बिघडतो खरा, पण तो दुहेरी धाग्याचा असल्याने शिरलेल्या पेशीचीच सामग्री वापरून दुरुस्त होतो. क्लोरीनपुढे मात्र तो लवकर नमतो. कँडल फिल्टरची तर गोष्टच सोडा: ॲडेनोचा व्यास सुमारे ०.०९ मायक्रॉन, हिपॅटायटिसचे त्याहून लहान; कँडलच्या छिद्रांतून ते सहज पार होतात. आरओचा पडदा शाबूत असेल तर विषाणू अडवतो, पण पूर यंत्राला लागला असेल तर फिल्टर बदला आणि आतली साठवणीची टाकी धुवा.

पिण्यासाठी सर्वांत बिनतोड उपाय आजीचाच. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट राहू द्या. मग त्याच भांड्यात झाकून गार करा आणि ओगराळ्याने काढा. पेला बुडवला की केलेले सगळे पाण्यात. बाहेरचे खायचेच असेल तर सेवउसळ खा, ती उकळत असते. पकोडीचे, म्हणजे आपल्या पाणीपुरीचे, पाणी उकळत नसते, तेव्हा तिला महिनाभर रामराम.

आणि कॅलेंडरवर खूण करा. रोटाचे जुलाब दोन-तीन दिवसांत, ॲडेनोचे साधारण तीन ते दहा दिवसांत दिसतात. पण हिपॅटायटिस ए दोन ते सात आठवडे घेतो आणि ई दोन ते दहा. त्या वर्षी पूर ऑगस्टअखेरीस आला आणि नवरात्र ३ ऑक्टोबरला बसले. म्हणजे त्या पुराच्या पाण्याची कावीळ गरब्याच्या दिवसांत यायची, पूर विस्मरणात गेल्यावर. डॉक्टरांना तेव्हा आठवणीने सांगा की घरात पुराचे पाणी होते. मुलाला जुलाब झाले तर ओआरएस लगेच सुरू करा, झिंकबद्दल डॉक्टरांना विचारा. लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडले तर दवाखाना गाठा. घरात गर्भवती असेल आणि डोळे पिवळे दिसले, तर सकाळपर्यंत थांबू नका. हिपॅटायटिस ई तिच्यासाठी जीवघेणा ठरू शकतो, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत.

टाकीच्या झाकणाला भोवती रबराची पट्टी आम्ही नंतर बसवली. पुढच्या पावसाळ्याआधी तुम्हीही तेवढे करून घ्या, आणि झाकणाची चौकट अंगणापेक्षा फूटभर उंच बांधून घेता आली तर उत्तमच.