सेटवर फ्रेम पाठवायच्या आधीची तयारी

आपण मालिका-सिनेमाच्या सेटला फ्रेम भाड्याने देणारे, आपल्याला आर्ट डिपार्टमेंटचा फोन येतो तो बहुतेक असाच, की उद्या सकाळी हॉलसाठी पंधरा-वीस फ्रेम लागतील, जरा मिक्स द्या. हो म्हणायला हरकत नाही, कामं अशीच येतात, पण फोन ठेवायच्या आधी काही गोष्टी विचारून घ्याच. घर कोणाचं आहे, गाव कुठलं, साल कुठलं, भिंतीचा रंग काय, कुठली फ्रेम क्लोजला (कॅमेऱ्यात जवळून) येणार आणि सीनमध्ये कोणी ती हातात घेणार किंवा पाडणार का. 'मिक्स' म्हणून पाठवलेला माल सेटवर लगेच कळतो, कारण ती भिंत कुठल्याच घराची वाटत नाही.

देवाच्या फ्रेमपासून सुरुवात करा, कारण मराठी प्रेक्षक तिथेच सगळ्यात आधी बघतो. कोल्हापूरकडचं घर असेल तर अंबाबाई आणि जोतिबा, धाराशिव-सोलापूरकडचं असेल तर तुळजाभवानी, विदर्भातलं असेल तर शेगावचे गजानन महाराज, वारकरी घर असेल तर विठ्ठल-रखुमाई आणि सोबत ज्ञानोबा-तुकोबा, जेजुरीचा खंडोबा कुलदैवत असेल तर तो. बौद्ध कुटुंब दाखवायचं असेल तर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि तिथे स्टॉकमधला एखादा गणपती जागा भरायला म्हणून गेला तर त्या घरावर अन्याय होतो, ते लोक टीव्हीसमोर बसून बघत असतात. हे सगळं स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं नसतं, म्हणून आपणच आर्ट डिरेक्टरला किंवा असिस्टंटला विचारायचं. आणि देवाच्या फ्रेम टेम्पोत वेगळ्या बांधायच्या, उतरवताना जमिनीवर टेकवायच्या नाहीत, कुठे तरी टेबलावर ठेवायच्या, सेटिंगवाले दादा लोक पण हे पाळतात आणि कितीतरी सेटवर त्याच फ्रेमला रोज खरी अगरबत्ती लागते. त्यामुळे लाँग रनिंग मालिका असेल तर धुराने काच आणि माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) पिवळं पडणार हे धरून चालायचं आणि सेम टू सेम दुसऱ्या फ्रेम गोडाऊनला तयार ठेवायच्या, नाहीतर शंभराव्या एपिसोडला कंटिन्युइटीवाला (आधीच्या शॉटशी सगळं जुळतंय का बघणारा) विचारतो हा गणपती बदलला का.

मग हार घातलेले फोटो. इथे सगळ्यात जास्त घाई होते आणि सगळ्यात जास्त चुकतं. गेलेली व्यक्ती म्हणजे कुठल्या तरी कलाकाराचाच फोटो असतो, तो शूटच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतो आणि त्यात प्रिंटला पुरेल एवढं काहीच नसतं. हिशोब सरळ आहे, 24 बाय 36 इंचाची प्रिंट साध्या 150 डीपीआयला (इंचाला 150 ठिपके) काढायची तरी 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात. म्हणून लुक टेस्टच्या (मेकअप-कपडे ठरवायच्या) दिवशीच त्या कलाकाराचा साध्या पडद्यासमोर फोटो काढून घ्या असं प्रॉडक्शनला आधी सांगून ठेवायचं, आणि ओरिजिनल फाइल मागायची. आजी-आजोबांपैकी आधी कोण गेलं हे लेखकाकडून विचारून घ्या, कारण आजी सवाष्ण गेल्या असतील तर फोटोत ठसठशीत कुंकू पाहिजे. चंदनाचा हार, वर लावायचा छोटा लाल दिवा हे आपल्याकडूनच गेलं तर बरं. आणि हा फोटो देवघरात लागत नाही, हॉलमध्ये लागतो, फ्रेमच्या मागे तसं लिहूनच द्या.

पिरियड काम, म्हणजे जुन्या काळातली गोष्ट असेल तर साल विचारल्याशिवाय एकही फ्रेम काढू नका. सरकारी कचेरीत राष्ट्रपतींचा फोटो असतो, 1950 ते 1962 राजेंद्रप्रसाद, मग 1967 पर्यंत राधाकृष्णन, एवढं पाठच असायला हवं. शाळेच्या भिंतीवर नकाशा हवा असेल तर 1 मे 1960 च्या आधी महाराष्ट्र राज्यच नव्हतं, 1956 पासून द्वैभाषिक मुंबई राज्य होतं, मग 1958 च्या वर्गात महाराष्ट्राचा नकाशा कसा लागेल? आजच्या गोष्टीत उलटं, तेलंगणा आणि लडाख वेगळे दिसलेच पाहिजेत, आणि भारताच्या हद्दी सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच पाहिजेत, नेटवरून उचललेला नकाशा प्रिंट करून देऊ नका, त्यात कायद्याचा प्रश्न येतो. भिंतीवर कालनिर्णय लावायचं असेल तर ते 1973 पासूनचं, त्याच्या आधीच्या घरात नको, आणि ब्रँड दाखवायची परवानगी चॅनलकडून आधी विचारून घ्या. रंगीत फॅमिली फोटो सत्तर-ऐंशीच्या दशकातला दाखवायचा असेल तर सरसकट पिवळा करू नका, त्या काळातल्या प्रिंट बहुतेक लालसर-गुलाबी होत जातात, निळा-हिरवा आधी उडतो. फ्रेमच्या जुन्या पट्ट्या, बेल्जियम काचेसारखी कड असलेल्या फ्रेम, ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी जुनी छापील चित्रं) वगैरे बघायला चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि पुण्याचा जुना बाजार अजूनही उपयोगी पडतात, पण घेताना मागून वाळवी बघा.

आता हक्कांचं, आणि हे टाळता येत नाही. आपल्याकडे चित्राचा कॉपीराइट चित्रकार गेल्यानंतर 60 वर्षं राहतो, पुढच्या 1 जानेवारीपासून मोजायचा. राजा रविवर्मा 1906 ला गेले, चित्रकार एम. व्ही. धुरंधर 1944 ला, ती चित्रं मोकळी आहेत. पण दीनानाथ दलाल 1971 ला आणि रघुवीर मुळगावकर 1976 ला गेले, म्हणजे दलालांची चित्रं 2031 संपेपर्यंत आणि मुळगावकरांची 2036 संपेपर्यंत हक्कात आहेत, जुन्या कॅलेंडरवर सर्रास दिसतात म्हणून ती फुकट झाली असं नाही. कायद्यात एक सूट आहे, कलम 52 मध्ये, की सिनेमात चित्र नुसतं पार्श्वभूमीला किंवा ओघात आलं तर तो भंग धरत नाहीत. पण तीच फ्रेम क्लोजला आली, हिरो तिच्याबद्दल बोलला, की ही सूट तुम्हाला कितपत वाचवेल याचा भरवसा धरू नका. चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचा कॉपीराइट पण आला असंही नसतं. म्हणून जिवंत चित्रकाराचं काम असेल तर लेखी परवानगी घ्या आणि त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि आता सगळंच ओटीटीवर जगभर आणि कायमचं जातं. चित्रकाराचं नाव आणि पैसे दोन्ही त्या कागदात असू द्या, आपली फ्रेम भाड्याने जाते तेव्हा त्याचं काम जात असतं.

काच. शक्य असेल तिथे काच काढूनच पाठवा, मॅट लॅमिनेशन केलेली प्रिंट कॅमेऱ्याला पुरते. काच लागतेच असं म्हणाले तर मॅट ॲक्रिलिक द्या. आणि प्रत्येक फ्रेमबरोबर पुठ्ठ्याचे किंवा कॉर्कचे छोटे तुकडे आणि डबल टेप द्या, वरच्या कडेमागे एक तुकडा सरकवला की फ्रेम जराशी पुढे झुकते आणि लाइटचं रिफ्लेक्शन खाली जमिनीकडे जातं, डीओपीचा (मुख्य कॅमेरामनचा) अर्धा तास वाचतो. माउंट पांढराशुभ्र नको, लाइटखाली तो चेहऱ्यापेक्षा जास्त उजळतो, क्रीम किंवा राखाडी घ्या. बारीक रेघांचं, जाळीचं डिझाइन असलेलं चित्र टाळा, स्क्रीनवर ते थरथरतं. पाडायची, फोडायची फ्रेम असेल तर खरी काच अजिबात नको, आणि एक नाही तर तीन-चार कॉप्या, कारण रिटेक होणारच.

सेटची भिंत म्हणजे पातळ प्लायचं पॅनेल (त्याला फ्लॅट म्हणतात), त्यात खिळा जड फ्रेम धरत नाही. चार किलोच्या वर वजन असेल तर आदल्या दिवशी फोन करून मागे लाकडी पट्टी मारून घ्या म्हणावं, आणि मोठ्या फ्रेमला मागे दोन डी-रिंग (D आकाराच्या कड्या) लावा, एका खिळ्यावर लटकणारी फ्रेम दार आपटलं की तिरकी होते आणि मग शॉटगणिक ती सरळ करत बसा.

पॅकिंग करताना फ्रेम आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या, तोंडाला तोंड पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा, कोपऱ्यांना फोम. पावसाळ्यात फिल्मसिटीला किंवा मढला जायचं असेल तर ताडपत्री पाहिजेच, आणि माउंटमध्ये दमट हवा गेली की आठवड्यात बुरशीचे ठिपके येतात. प्रत्येक फ्रेमच्या पाठीला नंबर, कोणाची खोली, कुठली भिंत, हे मार्करने लिहा, आणि तेच नंबर चलानवर (मालाच्या यादीच्या कागदावर). निघायच्या आधी प्रत्येक फ्रेमचा पुढून-मागून फोटो काढून आर्ट असिस्टंटला पाठवा, भाडं किती दिवसांचं, डिपॉझिट किती, फुटलं तर कोणाच्या खात्यावर, हे त्याच मेसेजमध्ये. माल लागला की भिंतीचा पूर्ण फोटो घ्या, तो परतीच्या दिवशी मोजायला लागतो. सेट तोडायला लागले की फ्रेम सगळ्यात आधी उतरवायला आपला माणूस तिथे हजर पाहिजे, सुतार हातोडा घेऊन आला की त्याला भिंत दिसते, फ्रेम दिसत नाही, आणि चलानवर सही त्याच जागी, मोजून, टेम्पो हलायच्या आधी.