पीडीची बॅग गढूळ आली तर काय करायचं

घरी पोटाचं डायलिसिस, म्हणजे पीडी, चालू असेल तर एक सवय आधी लावून घ्या, पोटातून बाहेर काढलेल्या पाण्याची बॅग नीट बघितल्याशिवाय ओतायची नाही. आई पीडीवर आहे म्हणून सांगतेय. बॅग छापील कागदावर ठेवायची आणि खालची अक्षरं वाचून बघायची, वाचता आली तर ठीक, धूसर दिसली तर पेरिटोनिटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला इन्फेक्शन, असं धरूनच चालायचं. पाणी आरपार दिसतंय आणि नुसते पांढरे धागे तरंगतायत तर ते बहुतेक फायब्रिन, म्हणजे प्रोटीनचे धागे, असतं, तरी डायलिसिस युनिटला विचारून घ्या.

आमचं इथेच चुकलं. रात्रीची बॅग साबणाच्या पाण्यासारखी आली होती, आईला ताप नाही, पोट जरा जड वाटतंय म्हणाली एवढंच, म्हटलं सकाळी बघू, आणि पहाटे तिला कूस बदलता येईना. ताप कधीकधी येतच नाही हो, दुखायची वाट बघू नका.

गढूळ दिसली की लगेच युनिटला फोन, रात्र असली तरी. बॅग फेकायची नाही, क्लॅम्प लावून सोबत न्यायची, त्यातूनच सेल काउंट (पेशी मोजणं) आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) करतात. एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी 100 च्या वर आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) म्हणजे पेरिटोनिटिस जवळजवळ पक्कंच. घरात पडलेली अँटिबायोटिक आधी देऊन बघू नका, मग कल्चरमध्ये जंतू सापडत नाही. औषध बहुतेक वेळा बॅगेतच घालून पोटात सोडतात, 2 ते 3 आठवडे, पाणी आधीच स्वच्छ झालं तरी कोर्स पूर्ण करायचा. 5 दिवसांतही स्वच्छ झालं नाही तर मात्र कॅथेटर, म्हणजे पोटात बसवलेली नळी, काढायचा विचार करतात.

जंतू बरेचदा शिरतो तो बॅग जोडताना. पंखा बंद, खिडकी बंद, मास्क पेशंटला पण आणि जोडणाऱ्याला पण, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, ओले हात म्हणजे न धुतल्यातच जमा. ट्रान्सफर सेटचं, म्हणजे कॅथेटरला लावलेल्या ज्या नळीला बॅग जोडतात तिचं, उघडं टोक कशालाही टेकलं, अगदी स्वतःच्या बोटाला, तर पुसून जोडायचं नाही, क्लॅम्प बंद, नवी कॅप आणि फोन. आणि पोट साफ होतंय ना तेही बघत जा, बद्धकोष्ठ असलं की आतड्यातले जंतू अस्तरापर्यंत पोचू शकतात, हे आम्हाला दुसऱ्या खेपेला कळलं.