कापसाच्या नॉनवोव्हनचं फिनिशिंग: नव्याने येणाऱ्यांसाठी

लॅबमध्ये नवीन आलेल्यांना मी आधी कोऱ्या कापसाच्या नॉनवोव्हनवर (सूत न विणता तंतू थेट जोडून केलेल्या कापडावर) पाण्याचा थेंब टाकायला सांगते. थेंब वरच बसून राहतो, कारण कच्च्या तंतूवर मेणाचा थर असतो. स्कावरिंग (मेण धुऊन काढणं) आणि ब्लीचिंग (पांढरं करणं) झालेल्या कापडात तोच थेंब चटकन मुरतो. म्हणून कुठलंही रसायन निवडण्याआधी हातातलं कापड कोरं आहे की धुतलेलं, ते विचारा.

फिनिशिंगच्या, म्हणजे तयार कापडाला रसायनाने हवे ते गुण देण्याच्या कामात खरी कसोटी एकच: संरक्षण वाढवताना आराम किती गेला? सिलिकॉन सॉफ्टनरने कापड मऊ होतं, पण बहुतेक सॉफ्टनर शोषण कमी करतात. डायअमोनियम फॉस्फेटने ज्वालारोध येतो, पण कापड कडक होतं आणि पाण्यात तो धुऊन जातो. एकदाच वापरायच्या कापडाला तो चालतो. फ्लुओरोकार्बन पाणी आणि तेल दोन्ही रोखतं, मात्र पर्यावरणामुळे त्यावर निर्बंध येत आहेत. फ्लुओरीनमुक्त पर्याय पाणी चांगलं रोखतात, तेलापुढे कमी पडतात. तरी पातळ फिनिशने छिद्रं मोकळी राहतात आणि घामाची वाफ बाहेर पडते. सलग कोटिंगने ती अडते, त्यामुळे कोटिंगकडे मी अगदी शेवटी वळते.

पॅडिंग, म्हणजे कापड द्रावणात बुडवून रोलरमध्ये पिळणं, मात्र नीट शिका. सुताची वीण नसल्याने हे कापड पाणी भरपूर धरतं. पिक-अप, म्हणजे कोरड्या कापडाच्या वजनाच्या तुलनेत उचललेलं द्रावण, 100 टक्क्यांच्या वर सहज जातो. कापडाच्या वजनाच्या 2 टक्के घन पदार्थ बसवायचा असेल, तर 80 टक्के पिक-अपला द्रावण 2.5 टक्क्यांचं लागतं, 120 टक्क्यांना साधारण 1.67. हा हिशेब दरवेळी कापड वजन करूनच मांडा, मागच्या बॅचचा आकडा उचलू नका. वाळताना पाण्याबरोबर रसायनही पृष्ठभागाकडे सरकतं, आणि ओलं कापड ताणात लांबतं, रुंदीत आकसतं. फोम फिनिशिंगमध्ये, म्हणजे रसायन फेसातून देताना, पाणी कमी लागतं, शिवाय एकाच बाजूला रसायन देता येतं: बाहेरची बाजू शिंतोडे परतवते, आतली घाम टिपते. माझ्या मते आराम आणि संरक्षण यांची सर्वांत चांगली सांगड इथेच बसते.

चाचण्या फिनिशच्या आधी आणि नंतर, त्याच कापडावर करा: पाणी किती परततं ते पाहायला एएटीसीसी 22 या मानकाचा स्प्रे, आयएसओ 9237 या मानकाची हवेची पारगम्यता, आणि कडकपणासाठी वाकण्याची लांबी. नमुने आधी 20 अंश सेल्सियस आणि 65 टक्के आर्द्रतेला ठेवा, कारण कापूस हवेतलं पाणी धरतो. वाकण्याची लांबी मोजायला लांबी आणि रुंदी, दोन्ही दिशांनी नमुने कापा. नॉनवोव्हन दोन्हीकडे सहसा सारखं वागत नाही.