क्युबाला जाताय? कॅश आणि गोळ्या घरूनच न्या

हवानाला जाणार असाल तर कार्डावर अजिबात विसंबू नका, १९६२ पासून अमेरिकेचे निर्बंध आहेत त्यामुळे अमेरिकन बँकांची कार्डं तिथे बहुतेक चालतच नाहीत आणि बाकीची कधी चालतात कधी नाही, म्हणून युरो कॅशमध्ये न्या, तेही छोट्या नोटांत. जुन्या ब्लॉगवर 'सीयूसी' घ्या असं लिहिलेलं दिसेल, ते चलन २०२१ मध्येच बंद झालंय, आता स्थानिक चलन म्हणजे पेसो.

राहायला सरकारी हॉटेलपेक्षा 'कासा पार्तिक्युलार' बघा, म्हणजे लोकांच्या घरातल्या खोल्या, पैसे थेट त्या कुटुंबाला मिळतात. आणि खरं सांगू, बॅगेत थोडी जागा पॅरासिटामॉल, साबण, सॅनिटरी पॅड यांना ठेवाच. तिथे रेशनकार्ड असूनही दुकानात माल नसतो, फार्मसीत साधी गोळी मिळत नाही, घरमालकिणीला दिलंत तर तिला मनापासून आनंद होईल.

टॉर्च, पॉवरबँक मस्ट, ऑक्टोबर २०२४ मध्ये तर अख्ख्या देशाची लाईट गेली होती.

ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनो, क्युबाला जाऊन आलात की अमेरिकेसाठी साधं इस्टा (व्हिसाशिवाय जाण्याची ऑनलाइन परवानगी) सहसा मिळत नाही, पूर्ण व्हिसा काढावा लागतो, हे तिकीट काढायच्या आधी बघा.