सोलापूरच्या उन्हात तैलरंगातलं निसर्गचित्र : निघण्यापूर्वीची तयारी

सोलापुरात उघड्यावर तैलरंगात निसर्गचित्र करायचं तर उपयोगाचा वेळ दीड तास मिळतो, फार तर दोन. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेसात ते साडेनऊ सावल्या लांब, रंगीत असतात. एप्रिल-मेमध्ये साडेआठनंतरच सगळं दृश्य पांढरं पडायला लागतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, झाडाची सावली झाडाखालीच गोळा होते आणि आकार दाखवायला काही उरत नाही. म्हणून घरी ठरवता येईल ते सगळं आदल्या रात्रीपर्यंत ठरलेलं असावं. जागेवर फक्त पाहायचं आणि रंग लावायचा.

सुरुवात ज्यावर चित्र काढायचं त्या फळीपासून, कारण तिला सगळ्यात जास्त दिवस लागतात. ताणलेला कॅनव्हास बाहेर त्रास देतो. मागून ऊन पडलं की ते आरपार येतं आणि पुढचे सगळे टोन, म्हणजे रंगांचा उजळ-गडदपणा, फसवे दिसतात. त्याऐवजी 3 मिमी जाडीचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) प्लायवुडच्या दुकानातून कापून आणावा. 8 बाय 10 आणि 9 बाय 12 इंच ही दोनच मापं धरावीत. दीड तासात त्याहून मोठं काही पुरं होत नाही. अ‍ॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात द्यावेत, एक उभा, एक आडवा, पुन्हा एक उभा, आणि प्रत्येक हातानंतर 220 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवावा. मागची बाजू आणि कडाही सोडू नयेत, नाहीतर फळी वाकते. इथल्या कोरड्या हवेत जेसो तासाभरात सुकल्यासारखा दिसतो, तरी शेवटच्या हातानंतर दोन-तीन दिवस थांबावं. पैसे वाचवायला भिंतीचा डिस्टेंपर लावू नये. त्यातली खडूची पूड रंगातलं तेल शोषून घेते, रंग मलूल पडतो आणि पुढे पोपडे सुटतात.

पांढरी फळी तशीच नेली तर सकाळच्या उन्हात डोळे दिपतात आणि पहिला प्रत्येक फटकारा गरजेपेक्षा गडद वाटतो. त्यासाठी आदल्या दिवशी पातळ केलेल्या अ‍ॅक्रिलिक बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) किंवा करड्याचा एक हात सगळीकडे पुसून घ्यावा. रंग मिसळायचं पॅलेटही पांढरं नको, फळीशी मिळतंजुळतं तपकिरी किंवा करडं असावं. एका सकाळीसाठी दोन फळ्या पुरतात, तिसरी ओझंच होते.

रंग सात घ्यावेत: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड, अ‍ॅलिझरिन क्रिमझन (गडद किरमिजी), बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन (गडद निळा). पांढरा बाकी सगळ्यांच्या तिप्पट लागतो, म्हणून त्याची मोठी ट्यूब आणि अर्ध्याहून जास्त भरलेली. काळा नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून हवा तेवढा गडद रंग मिळतो, आणि तो उबदार की थंड ठेवायचा हे आपल्या हातात राहतं. रंग घरीच पॅलेटवर काढून न्यावेत. उन्हात राहिलेल्या ट्यूबमध्ये तेल सुटून वर येतं आणि झाकण उघडताच तेलच ओघळतं, म्हणून ट्यूब पिशवीच्या तळाशी, कापडात गुंडाळून ठेवाव्यात.

हे सात रंग इथल्या मुलखासाठी पुरतात का? पुरतात, पण आधी डोळ्यांची सवय मोडावी लागते. काळी माती काळी नसते. सुकलेलं रान करडं असतं, तिरप्या उन्हात तांबूस दिसतं आणि ढेकळांच्या सावल्या जांभळट पडतात; अल्ट्रामरीन, सिएना आणि पांढरा यांचं प्रमाण बदलत गेलं की हे सगळं त्यातूनच निघतं. ज्वारी काढल्यावर उभ्या राहिलेल्या कडब्याच्या गंजीला ऑकर आणि पांढरा पुरतो, पिवळा घातला की ती खोटी दिसते. बाभळीचा हिरवा मळकट असतो. लेमन यलो आणि अल्ट्रामरीनच्या हिरव्यात थोडा सिएना किंवा लाल गेलाच पाहिजे. मार्चअखेरीस कडुलिंबाला फुटणारी पालवी तांबूस-पोपटी असते, तिथे मात्र पिवळा मोकळ्या हाताने वापरावा. दूरची झाडं निळी करायची असं सगळीकडे शिकवलं जातं. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते इथेही खरं ठरतं. एप्रिलमध्ये हवेत धूळ असते आणि क्षितिजाजवळचं आभाळ निळ्यापेक्षा फिकट ऑकरकडे झुकतं. ही मिश्रणं घरी एका जुन्या फळीवर लावून पाहावीत आणि ती फळी सोबत न्यावी. जागेवर वीस मिनिटं वाचतात.

ब्रश पाच: डुकराच्या केसांचे 4, 6, 8 आणि 10 नंबरचे फ्लॅट (चपटे), आणि तारा-फांद्यांसाठी लांब केसांचा एक बारीक गोल. सोबत हिऱ्याच्या आकाराचं पातं असलेलं पॅलेट नाइफ.

रंग पातळ करायला टर्पेंटाइन 100 मिली पुष्कळ होतं. ते घट्ट झाकणाच्या धातूच्या किंवा काचेच्या बाटलीत न्यावं. ओतायला चहाचे पातळ प्लास्टिकचे ग्लास घेऊ नयेत, काही प्लास्टिक टर्पेंटाइनमध्ये विरघळतं. स्टीलची छोटी वाटी बरी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ही बाटली ठेवायची नाही, कारण त्या उष्णतेत तिच्या वाफा सहज पेट घेतात. जवसाचं तेल पहिल्या बैठकीत लागतच नाही. सुरुवातीचा थर टर्पेंटाइनने पातळ, पुढचा ट्यूबमधून आला तसा, एवढं पाळलं तरी पुढे भेगा पडत नाहीत. तेल घ्यायचंच तर चित्रकारांसाठी शुद्ध केलेलं घ्यावं. घाण्यावरचं जवस चटणीसाठी उत्तम, रंगासाठी नाही.

पुसायला जुनं धोतर किंवा सुती साडी फाडून वीतभर लांबीचे दहा-बारा तुकडे करावेत. सोलापुरात जुने टॉवेल घरोघरी निघतात, पण त्यांचे धागे सुटून ओल्या रंगात चिकटतात, म्हणून ते फक्त हात पुसायला.

फळी उभी धरणाऱ्या तिपाई स्टँडबाबत खरी लढाई वाऱ्याशी आहे. तिपाईच्या मधल्या हुकाला पिशवी टांगून तिच्यात जागेवरचेच दगड भरावेत. काळ्या रानात उन्हाळी भेगांमध्ये पाय अडकतो आणि पावसाळ्यात तोच पाय खाली रुतत जातो. दोन्हींवर इलाज एकच, पायांखाली ठेवायला प्लायचे तीन तुकडे. छत्री पांढरी किंवा करडी हवी, रंगीत छत्रीचा रंग चित्रावर सांडतो. वारा सुटला की छत्री लगेच मिटावी, नाहीतर ती स्टँडसकट सगळं घेऊन पडते. छत्रीशिवाय चालवायचं तर स्टँड असा फिरवावा की फळी स्वतःच्याच सावलीत येईल आणि पॅलेट त्याच सावलीत राहील. फळीवर थेट ऊन असलं की रंग झळझळीत दिसतात, आपण नकळत ते गडद मिसळतो आणि घरी आणलेलं चित्र काळवंडलेलं वाटतं. दाट सावलीत उलट होतं, चित्र फिकट निघतं. शर्ट करड्या किंवा मातकट रंगाचा घालावा. पांढरा आणि लाल दोन्ही ओल्या रंगावर चमकतात.

जागा आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन पाहून यावी. सिद्धेश्वर तलाव सकाळी सुंदर असतो, पण संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत तिथे स्टँड उभा करण्याचा विचारही करू नये. भुईकोट किल्ल्यात आधी विचारूनच स्टँड लावावा. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव मोकळा आहे, मात्र संध्याकाळी चिलटं ओल्या रंगावर बसतात. नान्नजचा माळ रंगवण्यासारखा असला तरी ते माळढोकचं अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी घ्यावी, गवतात शिरू नये. शेतात उभं राहायचं तर मालकाला आधी हाक मारावी, "मामा, बांधावर तासभर थांबलं तर चालंल का?" सहसा नाही म्हणत नाहीत, पण उभ्या पिकात पाय टाकू नये.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी. खाण्याआधी हात साबणाने धुवावेत, कॅडमियमचे रंग पोटात जायला नकोत.

दृश्य चौकटीत धरून पाहायला पोस्टकार्डाच्या मापाची चौकट कापलेला पुठ्ठा, पेन्सिल आणि छोटी वही वरच्या खिशात ठेवावी. पोहोचल्यावर पाच मिनिटांत तीन टोनचं कच्चं रेखाटन करायचं आणि सावल्या कुठे आहेत ते तिथेच पक्कं करायचं. पुढे ऊन सरकलं तरी सावल्या बदलायच्या नाहीत. अर्ध्या सावल्या साडेसातच्या आणि अर्ध्या नऊच्या झाल्या की चित्र फसतंच. ओल्या रंगावर धूळ किंवा चिलट बसलं तर पुसायला जाऊ नये. सुकल्यावर मऊ ब्रशने झटकलं की निघतं.

परत येताना ओली फळी हातात धरून स्कूटरवर बसता येत नाही. सुताराकडून खाचा पाडलेली छोटी पेटी करून घ्यावी, किंवा दोन फळ्या समोरासमोर ठेवून चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालून रबराने बांधाव्यात.

तेल लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. रंगातलं जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडून फडकं आपोआप पेटू शकतं. ती दोरीवर सुटी पसरून वाळवावीत, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवावीत. चित्र कपाटात बंद करू नये, अंधारात तेल पिवळं पडतं. उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या भिंतीला ते आठ-दहा दिवस टेकवून ठेवावं. वॉर्निश सहा महिन्यांनंतर, आणि जाड थर असतील तर त्याहून उशिरा.