तोतरेपणा: थेरपी कशी शोधायची आणि रोजचं बोलणं कसं निभवायचं

तोतरेपणा असला की फुकटचे सल्ले भरपूर मिळतात, सावकाश बोल, मोठा श्वास घे, घाबरतोस कशाला, आणि कोणीतरी तोंडात गोटी ठेवून वाचायलाही सांगतंच (ते प्लीज करू नका, घशात गेली तर भलतंच होऊन बसेल). टेन्शनमध्ये अडखळणं वाढतं हे खरंय पण ते मूळ कारण नाही, मेंदूत बोलण्याचं टायमिंग जुळवणारी यंत्रणा थोडी वेगळी चालते आणि बऱ्याचदा हे आनुवंशिक असतं. आईबाबा ओरडले म्हणून कोणी तोतरं होत नाही.

मुलांमध्ये हे बहुतेक २ ते ५ वर्षांच्या दरम्यान सुरू होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप जातंही, पण सहा महिने झाले तरी आहेच, किंवा बोलताना डोळे घट्ट मिटतंय, बोलायचंच टाळतंय असं दिसलं तर थांबू नका, स्पीच थेरपिस्टला (बोलण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवून घ्या.

मोठ्यांनीही स्पीच थेरपिस्टच गाठायचा, फक्त पहिल्याच भेटीत विचारा की मोठ्या माणसांच्या तोतरेपणावर काम करता का, कारण सगळेच करतात असं नाही. "महिन्यात शंभर टक्के बरं करतो" म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. यावर खात्रीची गोळी अजून तरी नाही.

थेरपीत काय शिकवतात त्याचं एक उदाहरण देतो. "पाणी" म्हणताना ओठ गच्च मिटतात, हवा मागे कोंडते, आणि आपण अजून जोर लावतो, तिथेच सगळं बिघडतं. जोर लावायच्या ऐवजी तसंच थांबायचं, ओठ कुठे आवळलेत ते जाणवू द्यायचं, मग हळूच सैल सोडून त्याच शब्दातून पुढे सरकायचं. शब्द बदलायचा नाही! "पाणी" अडतंय म्हणून "जल" म्हणायला लागलो की टाळायच्या शब्दांची यादी वाढतच जाते, आणि माझ्या मते अडखळण्यापेक्षा ही लपवालपवीच जास्त थकवते. शिवाय स्वतःचं नाव कसं बदलणार, म्हणून तर ओळख करून देताना सगळ्यात जास्त त-त-प-प होतं.

इंटरव्ह्यू किंवा मीटिंगमध्ये सुरुवातीलाच सांगून टाका, "मी अडखळतो, जरा वेळ लागेल." अर्धं ओझं तिथेच उतरतं. घरच्यांनाही सांगा की वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, नुसतं ऐका.

आणि सपोर्ट ग्रुप नक्की बघा, ऑनलाइनही असतात. तिथे लोक एकमेकांना फोन करून प्रॅक्टिस करतात, मुद्दाम अडखळूनही बघतात, त्याने भीती कमी होते. पहिल्या वेळी काही न बोलता नुसतं ऐकून आलात तरी चालतं.